सतरा पायऱ्यांचा नमुना

४ जून

ताई,

सुरुवातीला साष्टांग घालावा की साधाच नमस्कार, यात अर्धा कागद खोडून झाला. तुला पटेल तो धर आणि पुढे वाच.

फोनच करणार होतो. पण फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणतेस, मी एक विनोद करतो आणि तीन मिनिटांत दोघंही सुटतो. या वेळी काम आहे. आपल्या कंपनीला यंदा तीस वर्षं होतात. ‘आपल्या’ म्हणायची सवय काही जात नाही; दोन वर्षांपूर्वी ती विकली गेली आणि नव्या मालकांनी जुन्या फर्निचरसोबत मलाही ठेवून घेतलं. माझ्या दारावर ‘मानद सल्लागार’ अशी पाटी आहे. त्या खोलीत आधी झाडू आणि बादल्या असायच्या. सफाईच्या बाई अजून सवयीने दार उघडतात, मला बघतात, ‘असू दे, असू दे’ म्हणतात आणि बादली माझ्या खुर्चीमागे ठेवून जातात. आजवर माझा सल्ला फक्त त्यांनीच विचारला, खिडकी उघडी ठेवू की बंद.

तर मालकांना कंपनीचा इतिहास छापायचा आहे. आठ पानं, गुळगुळीत कागद, सगळ्या ग्राहकांना वाटायला. लिहिणार कोण, तर ज्याला दुसरं काम नाही तो. पहिलं वाक्य मी असं लिहिलंय : ‘इमारतींचे नकाशे जेव्हा फळीवर, पट्टी-पेनाने काढले जात, त्या काळात ते संगणकावर काढता यावेत असं स्वप्न संस्थापकांनी पाहिलं.’ वाचून मलाच हसू आलं. संस्थापकांनी तेव्हा फक्त नोकरीचं स्वप्न पाहिलं होतं. ती कोणी देईना, म्हणून ते संस्थापक झाले.

पुढचं वाक्य सुचत नाही, कारण पुढचं मला आठवत नाही. आपल्या पहिल्या खोलीच्या खाली शिंपी होता ना? नकाशा कागदावर उतरवणारं ते यंत्र किती पेनांचं होतं?

आणि एक मागणं. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीसोबत आपण नमुना म्हणून एक जिना द्यायचो, सतरा पायऱ्यांचा. तो तू आधी हाताने ट्रेसिंग पेपरवर काढला होतास. तो कागद तुझ्याकडेच असणार. आमच्या प्रसिद्धी विभागातल्या मुलीला तो चौकटीत घालून दाराशी टांगायचाय. पाठवशील?

तुझा,
उंटावरचा शहाणा (मानद)


१३ जून

उंटावरच्या शहाण्यास,

नमस्कार पोचला. कुठला ते बघितलं नाही.

खाली शिंपी नव्हता, इस्त्रीवाला होता. दुपारी त्याच्या इस्त्र्या तापल्या की आपली फरशी गरम व्हायची आणि संगणक बंद पडायचा. मग तू पंखा संगणकावर लावायचास आणि आपण दोघं घाम पुसत बसायचो. यंत्र आठ पेनांचं होतं, त्यातली दोन कायम वाळलेली. त्यांची टोकं गरम पाण्यात बुडवून जागी करायचं काम माझं होतं.

नोकरी कोणी देईना हेही खरं नाही. एक जण देत होते. तू मुलाखतीतच त्यांना त्यांच्या भिंतीवरच्या नकाशातली चूक दाखवलीस. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तेव्हा नकाशावाल्यांच्या कचेरीत होते. लांबच लांब खोली, अकरा फळ्या, माझी खिडकीकडून तिसरी. तिथून अर्धी रजा टाकून तुझ्याकडे यायचे. मी मागे बसून माझा हात काय करतो ते बोलायचे आणि तू ते टाइप करायचास. ‘रेघ कोपऱ्याशी थांबवत नाही, थोडी पुढे जाऊ देते, मग ब्लेडने खरवडते,’ असं म्हटलं, तर तू दोन दिवस विचारत होतास, की खरवडायचीच आहे तर आधी पुढे जाऊ का देतेस. अरे, थांबवायला गेलं की हात कचरतो आणि कोपरा मऊ पडतो. तिसऱ्या दिवशी तुला ते कळलं आणि तू ‘कोपरा’ ही आज्ञा केलीस. दोन रेघांना टिचकी मारायची की जास्तीची टोकं आपोआप जायची. ती चालल्यावर तू खुर्चीवर उभा राहून नाचलास आणि खालून इस्त्रीवाला ओरडला. हे लिही.

जिन्याचा कागद नाही. वाळवी लागली, गुंडाळी टाकून दिली. दाराशी दुसरं काहीतरी टांगा. तूही चालशील.

आणि इतिहासात माझं नाव घालू नकोस. दवाखान्याच्या नोंदणी-खिडकीवर वीस वर्षं काढली. त्याआधी मी काय करायचे ते तिथे कोणाला माहीत नाही. तसंच बरं आहे.

ताई


२२ जून

ताई,

तुझ्या घरात वाळवी? तुझ्या कपाटाजवळून गेलं तरी अंगाला डांबराच्या गोळ्यांचा वास आठवडाभर राहतो. वाळवीची काय टाप आहे.

म्हणजे तू रागावली आहेस, आणि कशावरून ते मला ठाऊक आहे. आपण सॉफ्टवेअर पहिल्यांदा मांडलं ते प्रदर्शन. मी मित्राचा कोट घालून उभा होतो, बाह्या बोटांपर्यंत, आणि प्रमुख पाहुण्यांनी विचारलं, ‘ही कोपऱ्याची कल्पना कशी सुचली?’ मी म्हणालो, ‘आंघोळ करताना.’ तू माझ्या मागे पेनात शाई भरत होतीस. दैव तरी किती तत्पर बघ, त्याच क्षणी यंत्राचं पेन गळलं आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या बाहीवर जांभळा डाग पडला. ते म्हणाले, ‘आता मलाही आंघोळ करावी लागणार.’ तू हसली नाहीस. इतकी वर्षं मला तेवढंच आठवतंय.

तर आता तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलंय, की ‘कोपरा’ ही बहिणीची देणगी आणि संस्थापक त्या दिवशी मुळीच आंघोळ करून आले नव्हते. नाव नको म्हणालीस, पण नुसतं ‘बहीण’ म्हटलं तर चालेल ना? एकूण आठ पानांत मी स्वतःला अकरा वेळा गाढव म्हटलंय. प्रसिद्धीवाल्या मुलीने त्यातली नऊ काढली. म्हणाली, ‘काका, दोन पुरेत, लोकांना समजतं.’

चूक कबूल. आता तरी गुंडाळी शोध. कागद द्यायचा नसेल तर फोटो काढायला मी येतो.

तुझा,
दोनदा गाढव


५ जुलै

अरे,

कोपरा तू ठेव. त्याचा राग मला तेव्हाही नव्हता. मी हसले नाही, कारण शाई माझ्याही हातावर सांडली होती.

वाळवी लागलेली नाही. खोटं लिहिलं. गुंडाळी कपाटावर आहे, पण चोवीस वर्षांत उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. तो जिना कुठल्याही दाराशी टांगलेला मला बघवणार नाही. तू इतक्या सहज मागितलास, तेव्हा तू विसरलास असंच धरून चालते. म्हणून लिहिते, नाहीतर तू मागतच राहशील.

आपल्या एका ग्राहकाने शाळेचा नकाशा काढताना आपल्या नमुन्यातला जिना जसाच्या तसा उचलून घातला. तसाच बांधला. सगळ्यात वरची पायरी बाकीच्यांपेक्षा आठ मिलिमीटर उंच निघाली. करंगळीच्या नखाएवढं. डोळ्याला दिसत नाही, पण पाय सोळा पायऱ्यांत शिकलेला असतो किती उचलायचं ते, आणि सतराव्या पायरीला फसतो. संगीत शिकवणाऱ्या बाई हातात वह्या घेऊन चढत होत्या. पडल्या, मनगट मोडलं. त्यांना पुढे वाजवता आलं की नाही, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

मग ती बैठक. शाळेचे दोघं, तो ग्राहक आणि आपण. तू म्हणालास, ‘नमुन्यातली मापं हाताने घातलेली होती, त्यात चूक झाली असावी.’ माझं नाव घेतलं नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस, कोणाला संशय नको म्हणून. बाहेर आल्यावर ‘ताई, होतं असं’ म्हणालास आणि मला बसमध्ये बसवून दिलंस. घरी अडचण होते म्हणून मी काम सोडलं असं सांगितलं, तेही तू जास्त न विचारता मान्य केलंस. हे मी विसरलेले नाही. तोंडाने कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते. तेव्हा तू मला सांभाळून घेतलंस.

त्यानंतर मी हातात पेन धरलं नाही. माझ्या डोळ्यावर माझाच विश्वास उरला नाही. लेकीच्या वहीतले भूमितीचे त्रिकोणसुद्धा तिच्या बाबांना काढायला लावायचे.

आता पुन्हा मागू नकोस.

ताई


१० ऑगस्ट

अरे,

महिना उलटून गेला, पत्र नाही. आजारी आहेस का? मी फार जड लिहिलं असेल तर सोडून दे. जुनं आहे ते सगळं. तुझ्या त्या बादलीवाल्या बाईंचं काहीतरी लिही.

ताई


१७ ऑगस्ट

ताई,

आजारी नाही. पाच पत्रं लिहिली आणि फाडली. प्रत्येकात दुसऱ्या ओळीला विनोद आला.

चूक तुझी नव्हती. माझी होती.

तो जिना संगणकात घालताना तू एकेक पायरी मोजून घातली नव्हतीस. मी नुकतीच ‘सारखे भाग’ नावाची आज्ञा केली होती आणि ती वापर म्हणून तुझ्या मागे लागलो होतो, बघ किती झटपट होतं म्हणून. तीन मीटर उंची, सतरा भाग. एका पायरीला एकशे शहात्तर मिलिमीटर येतात आणि वर थोडंसं उरतं. संगणकाची मेमरी वाचवायला माझा प्रोग्रॅम ते वरचं थोडंसं छाटून टाकायचा. सतरा वेळा छाटलेलं मिळून आठ मिलिमीटर झालं. एकूण उंची तर बरोबर यायला हवी, म्हणून त्याने ते सगळं शेवटच्या पायरीवर लादलं.

बैठकीत मला हे माहीत नव्हतं. मलाही तेव्हा तुझीच चूक वाटली आणि मी तुला वाचवतोय या विचाराने मी स्वतःवर खूशही होतो. तीन आठवड्यांनी दुसरं काही दुरुस्त करताना ती ओळ समोर आली. एकच ओळ होती. दुपारच्या जेवणाआधी ती बदलून झाली. नव्या आवृत्तीच्या पत्रकात मी लिहिलं, ‘किरकोळ सुधारणा’.

तू तोवर काम सोडलं होतंस. मी सांगायला तुझ्या घरी दोनदा आलो. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा कोणी नव्हतं. तू चहा केलास, मी तासभर नकला केल्या, तू पोट धरून हसलीस आणि मी निघून आलो. मग वर्ष गेलं. वर्षाने सांगायचं, तर वर्षभर गप्प का बसलो तेही सांगावं लागलं असतं. दर वर्षी ते एका वर्षाने वाढत गेलं. शेवटी मी ठरवून टाकलं, की तू कंटाळून सोडलंस आणि तुला त्याचं काहीच वाटत नाही. कागद सहज मागितला तो या भरवशावर. तू पेनच सोडलंस हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

स्वतःला गाढव म्हणणं फार सोपं असतं. लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत. मी आयुष्यभर तेच केलं. हे त्यात बसत नाही. मी तुझं वाईट केलं आणि तू त्याबद्दल माझे आभार मानलेस. ते वाक्य वाचल्यापासून मला अन्न गोड लागत नाही. मी चुकलो, ताई. फार चुकलो.

धाकटा


२९ ऑगस्ट

पत्र मिळालं. सध्या लिहू नकोस. येऊही नकोस.

तब्येत ठीक आहे. तू लेकीला फोन करून विचारत बसू नयेस, म्हणून कळवलं.


२६ ऑक्टोबर

ताई,

लिहू नकोस म्हणालीस ते दोन महिने पाळलं. हे उत्तर मागायला लिहीत नाही. काय केलं ते तुला कळावं, एवढ्यापुरतं.

आठवं पान मी नव्याने लिहिलं. त्यात शाळा आहे, पायरी आहे, ती एक ओळ आहे आणि ‘किरकोळ सुधारणा’ आहे. प्रसिद्धीवाली मुलगी वाचून म्हणाली, ‘काका, वाढदिवसाच्या पुस्तकात कोणी पडतं का?’ मी बाणेदारपणे सांगितलं, हे पान नसेल तर बाकीची सातही मिळणार नाहीत. मला वाटलं, आता विनवण्या होतील. ती म्हणाली, ‘चालेल.’ पुस्तक निघालं. आठही पानं नुसत्या फोटोंची आहेत. पाचव्या पानावर मी आहे, हातात बादली, खाली लिहिलंय ‘कार्यालयातील एक क्षण’. तीस वर्षं कंपनीत राहून इतिहासात माझी एवढीच नोंद झाली. खरं सांगायचं तर ती अगदीच चुकीची नाही.

मग शाळेत गेलो. शिपायाने काय काम विचारलं. म्हटलं, जिना बघायचाय. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि जा म्हणाला. मी मोजत चढलो. सतरावी पायरी कुठली आणि ती किती उंच, हे माझ्याइतकं जगात कोणाला ठाऊक नाही. सोळापर्यंत मोठ्याने मोजलं आणि सतराव्या पायरीला ठेच लागून दोन्ही हातांवर पडलो. वरून एक शिक्षिका उतरत होत्या. म्हणाल्या, ‘नवीन माणूस पडतोच इथे.’ पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारलेला आहे, पण त्याचा रंग उडालाय. तो पुन्हा मारून घ्या असं मुख्याध्यापिकांना सांगितलं, आणि का ते विचारल्यावर सगळं सांगितलं. ती पायरी आता सुट्टीत फोडून नीट करणार आहेत. मी तिथे उभा राहणार आहे.

संगीताच्या बाई निवृत्त झाल्यात. पत्ता घेऊन त्यांच्याकडेही गेलो. त्या अजून वाजवतात, शेजारच्या मुलींना शिकवतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘माझं मनगट दीड महिन्यात जुळलं. तुमच्या बहिणीला कधी सांगितलंत?’ मी सांगितलं, यंदा. त्यावर त्या उठून आत गेल्या. मला पाणी आणून दिलं.

जुन्या ग्राहकांची यादी माझ्याकडे होती. ज्यांनी तो नमुना वापरला असेल, त्या सगळ्यांना आठवं पान टपालाने पाठवतोय. एकशे बारा पाकिटं. खोलीत जागा नाही म्हणून ती बादलीत रचलीत. सफाईच्या बाईंनी त्यातलं एक वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि दुसरी बादलीही आणून दिली.

सोबत माझी आठ पानं जोडतोय. आठव्या पानावर तुझं नाव नाही, तुला नको होतं. माझं आहे, पूर्ण.

धाकटा


१२ नोव्हेंबर

धाकट्या,

आठही पानं वाचली. इस्त्रीवाल्याचं चांगलं लिहिलंयस.

मला राग आला आहे. ‘माफ केलं’ असं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं, कारण ते अजून खरं नाही. चोवीस वर्षं, अरे. मी खिडकीत बसून लोकांची नावं लिहीत होते आणि प्रत्येक नाव दोनदा तपासत होते. रोज कुठल्याही जिन्याची वरची पायरी आली की कठडा घट्ट धरत होते. तू माझ्या घरी येऊन मला हसवलंस, त्या दिवसाची मी किती तरी वेळा आठवण काढली होती. आता तो दिवसही मला नीट आठवता येत नाही. हे तुला कळावं.

गेल्या आठवड्यात गुंडाळी उतरवली. लेक शिडी धरून उभी होती. कागद पिवळा पडलाय, कडा तुटतात. मी जिन्याचे भाग आकडेमोड करून कधी पाडतच नव्हते. पट्टी तिरकी ठेवायची, शून्य खालच्या रेघेवर, सतरा वरच्या रेघेवर, आणि प्रत्येक खुणेपासून आडवी रेघ न्यायची. काही छाटावं लागत नाही आणि काही उरतही नाही. त्या तिरक्या पट्टीची पेन्सिल अजून पुसट दिसते. भिंग घेऊन एकेक पायरी मोजली. सतराच्या सतरा सारख्या निघाल्या. मी तिथेच बसून रडले. लेक घाबरली. तिला म्हटलं, बघ, माझा हात नीट होता.

आता काम. लेकीच्या घराला मागच्या बाजूने एक खोली वाढवायची आहे. कंत्राटदार म्हणाला, नकाशा संगणकावर काढून आणा. म्हटलं, हाताने काढून आणीन, चालत असेल तर बोला. फळी दवाखान्यातल्या सुताराने करून दिली. ट्रेसिंग पेपर चार दुकानं हिंडल्यावर मिळाला. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय आणि हात जरा कापतो, पण रेघ सुटत नाही.

मागची भिंत मोजायची आहे. लेक कामावर असते आणि जावयाला दोन ठिकाणी थांब म्हटलं तर तो तिसरीकडे जातो. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा. रविवारी सकाळी नऊला ये. आकडा मी वाचणार आणि मीच लिहिणार. तू टोक भिंतीला टेकवून नुसतं उभं राहायचं. मला जे बोलायचंय ते मी तेव्हा बोलेन, आणि तू टोक न सोडता ऐकायचंस.

ताई